गोठ्यातल्या वायूंचा हिशेब: कोकणात वर्षाचे दोन भाग करूनच मोजा

दूध संघ, शेतकरी कंपनी किंवा कार्बन प्रकल्पवाले गोठ्याचं उत्सर्जन, म्हणजे तापमान वाढवणारे वायू किती निघतात ते, विचारायला लागले की एक एक्सेल शीट गावभर फिरते. गुरांची संख्या टाकली की खाली आकडा तयार. भरून आलेल्या शीट पाहिल्या की त्याच त्याच चुका दिसतात. हिरवा चारा ओल्या वजनाने धरलेला असतो. विकून टाकलेली करडं कागदावर वर्षभर जगत असतात. आणि जुलैतला भिजलेला उकिरडा एप्रिलसारखाच कोरडा मानलेला असतो.

पहिल्या दोन चुका कुठेही होतात. तिसरी खास आपल्याकडची. देशावर पाऊस बेताचा, तिथे वर्षभर एकच शेणाची पद्धत धरली तरी फार बिघडत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मात्र जून ते सप्टेंबरात सुमारे ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस कोसळतो. गुरं तीच, मालक तोच, पण चारा बदलतो आणि शेण साठवण्याची परिस्थिती तर पार उलटते. म्हणून इथला हिशेब पावसाळी आणि उन्हाळी असा वेगवेगळा करून शेवटी जोडायचा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच अंगाने लिहिल्या आहेत.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करू. इथे ‘मोजणं’ म्हणजे यंत्र घेऊन गोठ्यात उभं राहणं नव्हे. हातात धरायचा मिथेन मीटर हवेत मिथेन किती दाट आहे ते सांगतो, वर्षाला किती किलो बाहेर पडला ते सांगत नाही. वारा सुटला की तोच आकडा निम्म्यावर येतो. श्वसन-कक्षात जनावर ठेवून किंवा गळ्यात नळी अडकवून केलेलं मोजमाप हे संशोधन केंद्राचं काम. आपण नोंदी ठेवायच्या आणि आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाच्या) पद्धतीने हिशेब करायचा.

## तयारी: शीट उघडण्याआधी

एवढं जवळ असू द्या: शिवणकामाची टेप, ५० किलोचा ताणकाटा, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, दोन घमेली, आणि एक साधी वही. मोबाइलमधल्या नोंदी हरवतात, वही गोठ्याच्या खुंटीला टांगलेली बरी.

कागदांत तीन गोष्टी लागतील. गुरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे १२ अंकी क्रमांक, दूध घातल्याच्या पावत्या (फॅटसकट), आणि पेंड-खुराकाची बिलं. बिलं वर्षभराची हवीत. मार्चमधलं एक बिल घेऊन त्याला १२ ने गुणलं की घोटाळा झालाच, कारण पावसात गवत मुबलक असताना बहुतेक घरांत खुराक कमी होतो.

वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च धरा किंवा जानेवारी ते डिसेंबर. काहीही चालेल, पण दूध, चारा आणि गुरं या तिन्हींना एकच वर्ष लावा.

## पायरी १: हद्द ठरवा

गोठ्यातून तीन मुख्य गोष्टी निघतात. गुरांच्या पोटातून, म्हणजे रवंथातून, मिथेन. साठवलेल्या शेणातून मिथेन. आणि शेण-मुतातल्या नत्रापासून नायट्रस ऑक्साइड. गुरांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड धरायचा नाही. तो गवताने आदल्या हंगामात हवेतूनच घेतलेला असतो.

काय बाहेर ठेवायचं हेही लिहून टाका. भातशेतीतून निघणारा मिथेन गुरांच्या खात्यात येत नाही, गुरं त्याच भाताचा पेंढा खात असली तरी. शेतात पसरलेल्या शेणखतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड जमिनीच्या खात्यात जातो. राबात (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना) जाळलेलं शेण आणि चुलीत गेलेल्या शेणी यांचा हिशेब जाळण्याच्या खात्यात होतो, म्हणून ते उकिरड्याच्या वजनातून वजा करायचं.

मागणारा दुधाचा ‘कार्बन फूटप्रिंट’ मागतोय का, ते विचारून घ्या. तसं असेल तर घाटावरून आलेली सरकी पेंड, चाफकटरची वीज, टेम्पोचं डिझेल हे सगळं आत येतं. डिझेलला लिटरमागे सुमारे २.७ किलो आणि विजेच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. नुसतं ‘गुरांचं उत्सर्जन’ हवं असेल तर यातलं काही नको.

## पायरी २: डोकी मोजू नका, दिवस मोजा

पाहणीच्या दिवशी गोठ्यात जेवढी गुरं दिसली तेवढी शीटमध्ये, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. हवी असते वर्षाची सरासरी संख्या. प्रत्येक जनावर किती दिवस तुमच्याकडे होतं ते मांडा आणि ३६५ ने भागा.

लांज्याकडचा एक गोठा मनात धरू आणि तोच उदाहरण म्हणून शेवटपर्यंत नेऊ. चार म्हशी वर्षभर. पाचवी १ नोव्हेंबरला विकत आणली, म्हणजे मार्चअखेर १५१ दिवस. १५१ ÷ ३६५ = ०.४१. म्हशींची सरासरी संख्या ४.४१. दोन गावठी गाई आणि दीड-दोन वर्षांच्या दोन पारड्या वर्षभर आहेत. शेळ्या पाच, शिवाय आठ करडं प्रत्येकी साधारण १५० दिवस ठेवून विकली. ८ × १५० ÷ ३६५ = ३.३. शेळ्यांची एकूण सरासरी ८.३. शीटमध्ये १३ लिहिल्या असत्या तर शेळ्यांचं उत्सर्जन दीडपटीहून जास्त झालं असतं.

गट असे पाडा: दुभत्या म्हशी, दुभत्या गाई (गावठी आणि संकरित वेगळ्या), एक वर्षाखालची वासरं-पारडी, एक ते तीन वर्षांची, मोठे नर, शेळ्या. भाकड म्हैस दुभत्यांच्याच गटात राहते. ती पुन्हा विणार आहे, तिला ‘इतर’ मध्ये ढकलू नका.

तपासा: भात कापून झाल्यावर जी गुरं मोकाट सोडता ती वहीत आहेत का? ‘ती काय, रानातच असतात’ म्हणून वगळलेली गाई-बैलं दरवर्षी सापडतात. रानात चरणारी गायही रवंथ करतेच.

## पायरी ३: टेपने वजन

गुरांचा वजनकाटा वाडीवर असणार नाही. टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी इंचांत घ्या. मग:

वजन (किलो) = घेर × घेर × लांबी ÷ ६६०

घेर ७२ आणि लांबी ५२ असेल तर ७२ × ७२ × ५२ ÷ ६६० = ४०८ किलो. सकाळी, पाणी पाजायच्या आधी मोजा. जनावर सपाट जागी चारही पायांवर सरळ उभं हवं. टेप सैल नको आणि कातडीत रुतेल इतकी आवळलेलीही नको.

संकरित गाईचं वजन कोकण कपिलेला किंवा गावठी गाईला चिकटवू नका. आपली गाय अंगाने लहान. तिच्या नावावर ४०० किलो लिहिले की पुढचं सगळं फुगतं.

## पायरी ४: चारा दोनदा तोला

इथे वेळ द्या. पोटातला मिथेन खाण्यावर अवलंबून असतो, आणि खाणं हाच शीटमधला सर्वांत अंदाजपंचे भरलेला रकाना असतो.

एकदा ऑगस्टच्या मध्यावर आणि एकदा एप्रिलमध्ये, प्रत्येक वेळी सलग तीन दिवस तोला. पेंढ्यासाठी उडवीतून सहज हाताला येतील त्या पाच पेंढ्या तोलून सरासरी काढा. निवडून जाड पेंढ्या घेऊ नका. गवताचे भारे तसेच ताणकाट्याला लावा. खुराक ‘दोन टोपल्या’ असा न लिहिता टोपली एकदा तोलून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाणीत उरलेलं चघळ गोळा करून तेही तोला आणि वजा करा. पेंढ्याच्या दिवसांत हे चघळ बरंच निघतं. ते वजा केलं नाही तर जनावराने न खाल्लेल्या पेंढ्याचा मिथेन त्याच्या नावावर चढतो.

आता खरी मेख. हिशेब चालतो कोरड्या वजनावर. ऑगस्टमधल्या गवतात पाचातला चार भाग पाणीच असतं. कोरडा भाग काढायचा तर गवत बारीक कापा, १०० ग्रॅम तोला आणि मायक्रोवेव्हमध्ये थोडा थोडा वेळ फिरवा. आत पाण्याचा पेला ठेवा, नाहीतर गवत पेट घेतं. मधेमधे तोलत राहा. लागोपाठ दोनदा वजन तेच आलं की ते थांबवायचं. १८ ग्रॅम उरलं तर कोरडा भाग १८ टक्के. मायक्रोवेव्ह नसेल तर एप्रिलच्या उन्हात वाळवता येईल. ऑगस्टमध्ये तो बेत सोडा, शेजाऱ्याच्या घरी जा. पेंढा आणि पेंड यांना ९० टक्के धरलं तरी भागतं.

आपल्या गोठ्यातली ४०८ किलोची म्हैस:

पावसाळी (जून ते नोव्हेंबर, १८३ दिवस): हिरवं गवत ३५ किलो, कोरडं ६.३. पेंढा २ किलो, कोरडा १.८. खुराक ३ किलो, कोरडा २.७. एकूण कोरडं १०.८ किलो.

उन्हाळी (डिसेंबर ते मे, १८२ दिवस): पेंढा ७ किलो, कोरडा ६.३. विहिरीवरचा हिरवा चारा ५ किलो, कोरडा १. खुराक ३ किलो, कोरडा २.७. एकूण कोरडं १० किलो.

तपासा: कोरडं खाणं वजनाच्या २ ते ३ टक्के यायला हवं. इथे ते साधारण अडीच टक्के आलं, म्हणजे बरोबर. ५ टक्के आलं तर कुठेतरी ओलं वजन घुसलंय. १ टक्का आलं तर चराईत खाल्लेलं विसरलात.

सड्यावर चरणाऱ्या गाईने किती खाल्लं ते तोलता येत नाही. तिथे उलटं करा: वजनाचे अडीच टक्के हे एकूण कोरडं खाणं धरा, त्यातून गोठ्यात घातलेलं वजा करा, उरेल ते रानातलं. अंदाजच आहे, पण कशाच्या आधारावर केला ते लिहिता येतं.

## पायरी ५: पोटातला मिथेन

आयपीसीसीच्या पद्धतीत तीन स्तर आहेत. पहिल्यात जनावरामागे ठरलेला आकडा, दुसऱ्यात खाण्यावरून हिशेब, तिसऱ्यात सविस्तर प्रतिमानं. गोठ्याच्या पातळीवर मी सांगेन ते असं: जी गुरं तुमच्या उत्सर्जनाचा मोठा वाटा उचलतात त्यांना दुसरा स्तर, बाकीच्यांना ठरलेला आकडा. शेळ्यांसाठी गणितं करत बसण्यात अर्थ नाही.

ठरलेले आकडे परदेशी तक्त्यांतून उचलू नका. उत्तर अमेरिकेच्या होल्स्टीनचा आकडा गावठी गाईला लावलेल्या शीट पाहायला मिळतात. भारताच्या २००७ सालच्या उत्सर्जनाच्या राष्ट्रीय यादीत (प्रसिद्धी २०१०) वापरलेले गुणक हाताशी आहेत, वर्षाला जनावरामागे किलो मिथेन: दुभती गावठी गाय २८, दुभती संकरित गाय ४३, दुभती म्हैस ५०, एक ते तीन वर्षांची म्हैसवर्गीय पारडी २२, एक वर्षाखालची ८, शेळी ४. आयपीसीसीच्या २००६ च्या तक्त्यात भारतीय उपखंडासाठी दुभत्या गाईला ५८ आणि म्हशीला ५५ आहे. कुठला तक्ता वापरला ते लिहा, आणि अर्धा हा, अर्धा तो असं एका गटात करू नका.

दुसऱ्या स्तराचं सूत्र दिसतं तेवढं अवघड नाही. एक किलो कोरड्या चाऱ्यात साधारण १८.४५ मेगाजूल ऊर्जा. पेंढा आणि शेतातल्या अवशेषांवर जगणाऱ्या गाई-म्हशींत त्यातली ६.५ टक्के मिथेन होऊन जाते. एक किलो मिथेनमध्ये ५५.६५ मेगाजूल. म्हणजे:

दिवसाचा मिथेन = कोरडं खाणं × १८.४५ × ०.०६५ ÷ ५५.६५

पावसाळी: १०.८ किलोवर ०.२३३ किलो, १८३ दिवसांचे ४२.६ किलो.
उन्हाळी: १० किलोवर ०.२१५५ किलो, १८२ दिवसांचे ३९.२ किलो.
वर्षाचे ८२ किलो.

राष्ट्रीय सरासरीच्या ५० पेक्षा हा आकडा बराच वर आहे, म्हणून घाबरून खाली ओढू नका. सरासरीत देशभरच्या लहान अंगाच्या, कमी खाणाऱ्या म्हशीही येतात. ही म्हैस ४०८ किलोची आहे आणि पोटभर खाते. पण आकडा ३१५ आला असता तर? तर ३५ + २ + ३ असे ४० किलो ओले वर्षभर धरले गेले. ३१५ च्या आसपासची म्हैस शीटमध्ये दिसली की मी थेट चाऱ्याचा रकाना उघडतो.

आपल्या गोठ्यात: म्हशी ४.४१ × ८२ = ३६१, गाई २ × २८ = ५६, पारड्या २ × २२ = ४४, शेळ्या ८.३ × ४ = ३३. एकूण ४९४ किलो मिथेन.

सावध: काही शीटमध्ये ६.५ लिहायचं असतं आणि आत १०० ने भागलेलं असतं. तिथे ०.०६५ लिहिलं तर मिथेन शंभर पटींनी कमी येतो. एका ओळीचा हाताने हिशेब करून पडताळा घ्या.

## पायरी ६: शेण, आणि पावसातला उकिरडा

शेणाला हवा लागत असेल तर मिथेन फार होत नाही. शेण पाण्यात बुडालं, हवा तुटली की जीवाणू मिथेन करायला लागतात. गरम हवेत जास्तच. आपल्याकडे तापमान वर्षभर उबदारच असतं, त्यामुळे सगळा फरक ओलाव्याचा.

आयपीसीसीच्या २००६ च्या तक्त्यात उबदार हवेला, म्हणजे २५ अंशांहून जास्त तापमानाला, गुणक (शेणाच्या कमाल मिथेन-क्षमतेतला किती भाग प्रत्यक्षात सुटतो) असे: रचून ठेवलेलं घट्ट शेण ५ टक्के, चरताना रानात पडलेलं २ टक्के, रोज शेतात नेऊन पसरलेलं १ टक्का. आणि साय न धरणारं पातळ शेण खड्ड्यात साठवलं तर ७० ते ८० टक्के. ५ आणि ७० मधलं अंतर पाहा. नुसत्या रकान्याच्या निवडीने एवढा फरक पडतो.

तुमचा उकिरडा कुठल्या रकान्यात जातो हे नावावरून ठरवू नका. जुलैत जाऊन पाहा. फावड्याने शेण उचलून बाजूला टाका. ढीग उभा राहिला, कडा टिकल्या तर तो घट्ट साठा. शेण पसरून सपाट झालं, फावड्याच्या पात्यावरून ओघळलं, खड्ड्यात पाणी साचून वर बुडबुडे फुटत असतील तर तो त्या महिन्यांपुरता पातळ साठा. हाच खड्डा मे महिन्यात भेगाळलेला असतो, आणि मे महिन्यात शीट भरणारा तो वर्षभर ‘घट्ट’ लिहून टाकतो.

एक काठी खड्ड्यात उभी खुपसा. किती खोलीपर्यंत शेण चिखल झालंय आणि कुठून खाली घट्ट लागतंय ते कळतं. निम्मा खड्डा भिजला असेल तर निम्म्यालाच ७० टक्के लावा. सगळं टोकाला नेऊ नका.

म्हशीच्या शेणातला कुजणारा भाग खाण्यावरून निघतो. पचन पेंढ्याच्या दिवसांत ५५ टक्के, हिरव्याच्या दिवसांत ६० टक्के धरलं, न पचलेल्या भागात मुतातून जाणारे खाण्याचे ४ टक्के मिळवले आणि राखेचे ८ टक्के वजा केले तर या म्हशीचा तो भाग दिवसाला सुमारे ४.४ किलो येतो. खातरजमा करायची असेल तर बांधून ठेवलेल्या दिवशी घमेल्याने शेण तोला. २० ते २५ किलो ओलं शेण भरायला हवं.

म्हशीच्या शेणाची मिथेन देण्याची कमाल क्षमता किलोमागे ०.१० घनमीटर, आणि घनमीटरचे किलो करायला ०.६७. म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त ४.४ × ०.१० × ०.६७ = ०.२९५ किलो.

छप्पर असलेला उकिरडा: ०.२९५ × ३६५ × ०.०५ = ५.४ किलो.

उघडा खड्डा, जून ते सप्टेंबर पूर्ण बुडालेला: १२२ दिवसांचे ०.२९५ × १२२ × ०.७० = २५.२ किलो. उरलेल्या २४३ दिवसांचे ३.६. एकूण २८.८ किलो.

म्हैस तीच, शेण तेच, फरक पाचपटीचा. ४.४१ म्हशींना हे १२७ किलो विरुद्ध २४ किलो असं पडतं. बाकीच्या गुरांचं शेण याच रीतीने घ्या. शेळ्यांच्या लेंड्या कोरड्या असतात, त्यांचा आकडा वर्षाला जनावरामागे पाव किलोच्या आत राहतो, पटकन पुढे जा.

गोबर गॅस असेल तर: संयंत्रात गेलेलं शेण उकिरड्यात पुन्हा मोजू नका. पण संयंत्र आहे म्हणून शून्यही लिहू नका. गळतीपोटी तयार होणाऱ्या मिथेनच्या १० टक्के धरण्याची रीत कार्बन प्रकल्पांत रूढ आहे. शिवाय पावसात संयंत्र नीट चालतं का, घरच्यांना विचारा. महिनाभर शेगडी पेटली नसेल तर त्या महिन्याचं शेण कुठे गेलं? बहुतेक वेळा उत्तर ‘उकिरड्यात’ असंच मिळतं.

सावध: रोज किती टक्के शेण कुठे जातं याची बेरीज १०० झाली पाहिजे. रानात, उकिरड्यात, संयंत्रात, शेणींना, राबाला. पावसाळी आणि उन्हाळी टक्केवारी वेगळी मांडा. भर पावसात गुरं गोठ्यात जास्त वेळ असतात, म्हणजे खड्डा सर्वांत ओला असतो तेव्हाच त्यात शेणही सर्वांत जास्त पडतं.

## पायरी ७: नायट्रस ऑक्साइड

हे थोडक्यात. म्हशीसाठी नत्राचा आकडा दर १,००० किलो वजनामागे दिवसाला ०.३२ किलो. ४०८ किलोच्या म्हशीचे वर्षाला ४७.७ किलो नत्र. घट्ट साठ्यात त्यातला ०.५ टक्का नायट्रस ऑक्साइडमधला नत्र होतो. नत्राचा वायू करायला ४४ ÷ २८ ने गुणायचं, हे हमखास विसरलं जातं. ०.३७ किलो येतात, ४.४१ म्हशींचे १.६५ किलो.

पाण्यात बुडालेल्या, साय न धरणाऱ्या शेणाला २००६ च्या तक्त्यात हा गुणक शून्य आहे. ते दिवस वगळलेत तरी चालेल. मी वगळत नाही, फरक किरकोळ आहे. पण तेवढ्यावरून ‘खड्डा भिजला ते बरंच झालं’ असा निष्कर्ष काढू नका. नायट्रस ऑक्साइडमध्ये वाचतं त्याच्या कितीतरी पट मिथेनमध्ये जातं.

## पायरी ८: एका एककात आणा

मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत मांडायचे तर शंभर वर्षांचे गुणक लागतात. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालात (२०२१) गुरांच्या मिथेनला २७ आणि नायट्रस ऑक्साइडला २७३. पाचव्यात २८ आणि २६५. चौथ्यात २५ आणि २९८. मागणाऱ्याला कुठला हवा ते विचारा, आणि मिथेनला एका अहवालाचा, नायट्रस ऑक्साइडला दुसऱ्याचा असं करू नका. गेल्या वर्षी २५ आणि यंदा २७ लावून ‘उत्सर्जन वाढलं’ असं जाहीर करणारे अहवालही निघतात.

नुसत्या म्हशींचं, उघड्या खड्ड्यासह: (३६१ + १२७) × २७ = १३,१७६. नायट्रस ऑक्साइडचे १.६५ × २७३ = ४५०. एकूण १३,६२६ किलो, म्हणजे साडेतेरा टनांच्या वर. खड्ड्यावर छप्पर असतं तर (३६१ + २४) × २७ + ४५० = १०,८४५ किलो.

## पायरी ९: दुधावर वाटणी

‘लिटरमागे किती’ विचारलं की म्हशीचं दूध आणि गाईचं दूध सरळ एकमेकांशेजारी ठेवू नका. म्हशीच्या दुधात फॅट आणि प्रथिनं जास्त. आधी प्रमाणित दूध, म्हणजे फॅट-प्रथिनांच्या एकाच पातळीवर आणलेलं दूध, काढा:

प्रमाणित दूध = दूध (किलो) × (०.१२२६ × फॅट टक्के + ०.०७७६ × प्रथिन टक्के + ०.२५३४)

७ फॅट आणि ४ प्रथिनं असतील तर कंसातलं उत्तर १.४२. म्हैस वर्षाला १,५०० लिटर देते असं धरलं, तर ४.४१ म्हशींचे ६,६१५ लिटर, लिटरला १.०३ किलोने ६,८१३ किलो, आणि प्रमाणित ९,६७५ किलो. १३,६२६ ÷ ९,६७५ = प्रमाणित दुधाच्या किलोमागे १.४१ किलो. प्रमाणित न करता २ किलो आले असते.

यात पारड्या आल्या नाहीत. उद्या दूध त्याच देणार आहेत, तेव्हा त्यांचा भार आजच्या दुधावरच पडतो. त्यांच्या पोटातला मिथेन मिळवला की आकडा १.५३ होतो. दूध मोजताना घरी ठेवलेलं आणि पारडूने प्यायलेलं दूधही धरा. डेअरीच्या पावतीत ते दिसत नाही.

## पाठवण्याआधी

दुसऱ्या स्तराच्या आकड्यालाही साधारण ±२० टक्के अनिश्चितता असते, पहिल्या स्तराला ±३० ते ५०. तेव्हा ‘१३,६२६.४७ किलो’ असं लिहून पाठवू नका. ‘सुमारे १३.६ टन’ पुरे.

मग शीट अशा एखाद्याच्या हातात द्या ज्याने ती भरलेली नाही, आणि त्याच्याकडून एवढं पाहून घ्या. प्रौढ म्हशीचा पोटातला मिथेन ४५ ते ९० किलोंच्या बाहेर गेलाय का? गावठी गाय म्हशीच्या वर गेलीय का? दोन्ही हंगामांच्या दिवसांची बेरीज ३६५ आहे का? शेणाच्या टक्क्यांची बेरीज १०० आहे का? वापरलेले तक्ते आणि अहवालाचा क्रमांक तळाला लिहिलाय का?

पुढच्या वर्षीची शीट याच गुणकांनी भरा. मधल्या काळात नवा तक्ता आला तर जुनं वर्षही त्याच तक्त्याने पुन्हा मांडून घ्या. उकिरड्यावर छप्पर घातलंत तर तारीख वहीत टाका आणि त्याच दिवसापासून गुणक बदला, वर्षाच्या सुरुवातीपासून नव्हे. जुलैत खड्ड्याचा फोटो काढताना काठी उभी ठेवूनच काढा. पडताळणीला येणारा माणूस बहुधा फेब्रुवारीत येतो, तेव्हा खड्डा कोरडा असतो.